शनवार तेल्यांकडे मागितलेला दाखला

मुंबईतल्या मशीद बंदर भागात ज्यूंचे एक जुने प्रार्थनास्थळ आहे. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी उभारलेले हे मुंबईतले पहिले सिनेगॉग. बेने इस्राएल लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणारे हे मराठी ज्यू कोकणातले आपले शेजारी होते.

नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी आपले पूर्वज, असे ते सांगतात. पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. सुंता, हलाल-हराम पाळणे, मन्नत फेडताना मलिदा करणे हे सगळे आपल्याला ओळखीचे. त्यांचा मलिदा पोहे, गूळ-साखर आणि खोबऱ्याचा असतो आणि तो एलियाहू नबींच्या नावाने होतो. त्याच नबींना आपण हजरत इलियास म्हणतो.

१९४८ नंतर यातले हजारो लोक इस्राइलला गेले. बहुतेकांना बीरशेबा, लोद, रामला, दिमोना अशा गावांत वसवले गेले. यातल्या बीरशेबा, लोद आणि रामल्यातून त्याच १९४८ साली हजारो पॅलेस्टिनी अरबांना हुसकावून लावले होते, हेही इथे नोंदवायला हवे.

नव्या देशातले धार्मिक कायदे जेरुसलेमच्या मुख्य रब्बींकडून येत. शुक्रवारी सूर्य कलला की शहर थांबते. दुकाने मिटतात, बसगाड्या बंद होतात. कोकणात शनिवारी घाणा का बंद, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागे. इथे ते सांगायची गरज उरली नाही. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियमही त्यांना नवा नव्हता. त्यांच्या मटणाच्या रश्शात पूर्वीपासून नारळाचे दूधच पडत असे. धर्म पाळण्यात त्यांना अडचण आलीच नाही. अडचण आली ती इतरांच्या नजरेची.

काळ्या रंगावरून आपल्याला कमी लेखले जाते, कामे हलकी मिळतात, अशी तक्रार करत १९५१ साली काहींनी तेल अविवमध्ये धरणे धरले आणि भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. १९५२ मध्ये काही जण खरोखर परतलेही. पण मोठा घाव पुढे बसायचा होता. इस्राइलमध्ये नागरी विवाह नाही. तुर्की अमलापासूनची पद्धत चालू आहे. ज्यूंचे लग्न रब्बींकडे, मुसलमानांचे शरई कोर्टात. १९६२ साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांनी विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश दिला की बेने इस्राएल वधू-वरांची आई, आजी, पणजी, जितके मागे जाता येईल तितके तपासा. त्या ज्यू होत्या का? घराण्यात घटस्फोट, पुनर्विवाह धर्माच्या नियमाने झाले होते का?

शेकडो वर्षे शनिवार पाळलेल्या माणसांनी पणजीचा दाखला आणायचा कुठून?

१९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राइलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. त्यानंतर रब्बींनी आदेशातून या समाजाचे नाव काढले आणि ज्याच्या ज्यू असण्याविषयी शंका असेल त्या कोणाचीही तपासणी करावी, असे शब्द घातले.

आजी-आजोबांचे कागद मागणे म्हणजे काय असते, हे आपल्याला वेगळे समजवायला नको. परक्याने मागितले की राग येतो. इथे तर ते आपल्याच धर्माच्या माणसांनी मागितले होते. आपणही जरा स्वतःकडे बघावे. निकाहच्या बोलणीत मुलाच्या नमाजाआधी त्याची बिरादरी विचारली जाते, खाटीक की बागवान, अश्रफ की अजलाफ. कलमा तोच, पण सोयरिक जुळत नाही. तिथेही पणजीचाच दाखला मागितला जातो, फक्त कागदावर नव्हे.

इस्राइलमध्ये हे लोक आजही महाराष्ट्र दिन साजरा करतात आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. ज्या कोकणाने त्यांच्याकडे कधी दाखला मागितला नाही, त्या कोकणाची भाषा त्यांनी सोडली नाही.