‘संभव’ या शब्दाचे वाचन

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्याने आपल्या निर्वाहाची सोय दाखवावी, ही अट वरकरणी वाजवी वाटते. परंतु पुरेशी सोय म्हणजे किती, हे ठरवणार कोण? अमेरिकेच्या १८९१ च्या कायद्याने सरकारी तिजोरीवर ‘भार होण्याचा संभव’ असलेल्यांना प्रवेश नाकारला. १९३० साली, महामंदीच्या काळात, हूव्हर प्रशासनाने कायदा न बदलता केवळ त्याचे वाचन बदलले. अर्जदार पुढेमागे भार होऊ शकेल एवढी शंकाही आता व्हिसा नाकारायला पुरेशी ठरू लागली.

या वाचनाची किंमत १९३३ नंतर जर्मनीतील ज्यूंनी मोजली. देश सोडणाऱ्या मालमत्ताधारकाकडून नाझी राजवट चौथा हिस्सा कर म्हणून घेई. १९३४ पासून सोबत अवघे १० मार्क नेता येत. एक राज्य माणसाला निर्धन करी आणि दुसरे त्याच्याकडेच ऐपतीचा पुरावा मागे. मग आधार उरे तो अमेरिकेतील नातलगाच्या हमीपत्राचा, त्याच्या प्राप्तिकर विवरणाचा, बँकेच्या दाखल्याचा. असा नातलग नसलेल्याने काय करावे? वर्षाला सुमारे २६ हजारांचा जर्मन कोटा १९३३ ते १९३७ या काळात एकदाही पुरा भरला नाही.

१९३७ च्या आरंभी वकिलातींना नवी सूचना गेली : नुसती शक्यता नव्हे, दाट संभव असेल तरच नकार द्यावा. कलम तेच राहिले आणि व्हिसांची संख्या वाढली. शब्दार्थाची चर्चा केवळ वर्गातली असते, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.