साधा निकाह : एक जुनी वाट



पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काही वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सारा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत ही लाट पुढे पोचली. मराठवाडा, सोलापूर, कोकण अशा दूरदूरच्या भागांतून माणसे पोटासाठी येथे आली. त्यांत आपलीही कुटुंबे होती. रात्रपाळी करून, ओव्हरटाइम करून त्यांनी पै-पै साठविली.

ती पुंजी कुठे गेली, असा प्रश्न कधी तुम्ही स्वतःला विचारला आहे काय? पुष्कळ घरांत तिचा मोठा वाटा एका दिवसात खर्च झाला. तो दिवस मुलीच्या लग्नाचा! कार्यालय, रोषणाई, बारात, शेकडो ताटे आणि वर जहेज. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला. कर्जाचे हप्ते मात्र वर्षानुवर्षे उतरले नाहीत. “काय करणार, रीतच आहे,” असे आपण म्हणतो. म्हणूनच ही रीत खरोखर किती जुनी आहे, हे इतिहासात जाऊन पाहू या.

प्रथम मदिनेला जाऊ. पैगंबरसाहेबांची लाडकी कन्या हजरत फातिमा यांचा निकाह हजरत अलींशी झाला. अलींजवळ धन नव्हते. होते ते एक चिलखत. तेच त्यांनी महेरसाठी दिले. घरात आले ते एक पांघरूण, पाण्याची मशक आणि गवत भरलेली चामड्याची उशी, असे रिवायतींत आहे. काहीजण याच वस्तूंकडे बोट दाखवून जहेजचे समर्थन करतात. पण ते एक गोष्ट विसरतात. हजरत अली लहानपणापासून पैगंबरसाहेबांच्याच घरी वाढले होते. त्यांचा नवा संसार मांडून देणे हे घरच्याच वडीलधाऱ्याचे काम होते. आणि ही चीजवस्तू त्या चिलखताच्या पैशातूनच घेतली, असेही सांगितले जाते. वरपक्षाने वधूपित्यापुढे यादी ठेवल्याचे मात्र कोठेही सांगितलेले नाही.

दुसरी हकीकत अब्दुर्रहमान बिन औफ यांची. हे मोठे व्यापारी. त्यांच्या अंगावर केशरी रंगाची खूण दिसली तेव्हा पैगंबरसाहेबांनी चौकशी केली, आणि त्यांचा निकाह होऊन गेल्याचे त्यांना कळले. विचार करा! त्याच गावात राहणाऱ्या पैगंबरांनाही आमंत्रण नव्हते. आणि त्याबद्दल ते रागावले नाहीत. त्यांनी दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, वलीमा करण्यास सांगितले. आज आमच्याकडे चुलत्याच्या साडूला पत्रिका पोचली नाही म्हणून दोन घरांत अबोला धरला जातो. खैबरहून परतताना खुद्द पैगंबरसाहेबांचा वलीमा झाला, तो खजूर, तूप आणि पनीर यांवर.

निकाहला लागते काय? दोघांची राजीखुशी, साक्षीदार आणि महेर. जेवण द्यायचे ते वराने, ऐपतीप्रमाणे. बाकीचे सारे आपण मागाहून जोडले आहे.

कोणी म्हणेल, ती अरबस्तानातली जुनी गोष्ट झाली. आपल्या मुलुखाचे काय? तर आपल्या उंबऱ्यापाशीच असलेल्या देहूकडे पाहा. सतराव्या शतकात संत तुकाराम महाराजांच्या मुली लग्नाच्या झाल्या. घरात चणचण होती. परंपरेने अशी हकीकत सांगतात की, महाराज बाहेर पडले, खेळणाऱ्या मुलांतून आपल्या जातीतले तीन योग्य मुलगे निवडून घरी घेऊन आले आणि तिन्ही मुलींची लग्ने एकदमच उरकली. आज कोणी असे जावई शोधावेत असे नाही. मुलीची पसंती आधी विचारली पाहिजे. पण हात तंग असताना कर्ज न काढता लग्न करणे यात या मातीने कधी कमीपणा मानलेला नाही, एवढे त्यातून दिसते.

देहूहून पुण्याला चला. जोतीराव फुल्यांचे शिक्षण लहानपणी अर्धवट सुटले होते. ते पुन्हा सुरू करावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत लिजिटसाहेबांबरोबर गफ्फार बेग मुनशी हे शेजारी होते. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्याच जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. अवघ्या तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट. वधू राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची कन्या. भटजी नाही, हुंडा नाही, पंगती नाहीत. खर्च झाला तो पानसुपारीचा, आणि तोही सावित्रीबाईंनी केला. लोकांचा विरोध पुष्कळ झाला, पण लग्न लागले.

इतरांना सांगणे सोपे, स्वतःच्या घरी करणे कठीण. फुले दांपत्याने तेही केले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांचा विवाह त्याच पद्धतीने झाला. विवाहापूर्वीच त्या भावी सुनेला सावित्रीबाईंनी आपल्या घरी आणून अभ्यासाची गोडी लावली होती. सासरहून वधूला शिक्षण मिळाले! जहेजची यादी करणाऱ्यांनी या गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा.

कायद्याने काय केले तेही पाहा. १९६१ साली हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. त्यात महेरला हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे, कारण महेर हा स्त्रीचा हक्क आहे. मात्र लग्नासाठी मागून घेतलेले जहेज हुंड्यातच मोडते. तो घेणारा आणि देणारा असे दोघेही दोषी ठरतात. १९८६ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याला किमान पाच वर्षांची कैद ठरली. २०२१ साली ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही साध्या निकाहसाठी देशभर मोहीम काढली.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या साथीत, महाराष्ट्र शासनाने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा दिली होती. त्या दिवसांत लागलेले निकाह काय कच्चे ठरले? ती जोडपी आज आपापले संसार करीतच आहेत. सक्तीने जे साधले ते समजुतीने का साधू नये?

आता मुद्द्याची गोष्ट. कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीची योजना १९५२ सालची. तिच्या ‘६८-के’ या परिच्छेदात रक्कम काढण्याची दोन कारणे शेजारी-शेजारी दिली होती : घरातले लग्न आणि मुलांचे मॅट्रिकनंतरचे शिक्षण. म्हणजे थैली एकच! एकीकडे जास्त गेले की दुसरीकडे कमी पडणार. मोठ्या बहिणीच्या बारातीचा खर्च धाकटीच्या कॉलेजच्या फीतून जातो, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून हिशेब मांडा. समजा, ताटाला अडीचशे रुपये पडतात. आठशे ताटांचे दोन लाख झाले. शंभर ताटांचे पंचवीस हजार. उरलेले पावणेदोन लाख तुमच्या मुलीच्या पुढील शिक्षणाला केवढा आधार देतील!

मंगनीच्याच बैठकीत दोन्ही घरांनी चार गोष्टी बोलून घ्याव्यात. निकाह मशिदीत, नमाजानंतर व्हावा. जहेजची यादी मागू नये आणि देऊही नये. वलीमा एकच, वराकडून, जवळच्या माणसांपुरता असावा. महेर झेपेल इतका ठरवून शक्य तर त्याच दिवशी रोख द्यावा. आणि खर्चाचा आकडा आधी कागदावर लिहावा. कर्ज काढून तो वाढवू नये. हळद, मेंदी घरच्या घरी बायकांत होऊ द्या. आनंदाला कोणाची मनाई नाही.

सुरुवात कोणी करावी? ज्यांची ऐपत आहे त्यांनी! गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला लाचारी म्हणतात. ऐपतदाराने केले तर त्याची रीत पडते. आणि विद्यार्थी मित्रहो, उद्याचे नवरदेव तुम्हीच आहात. “मला काही नको,” हे तीन शब्द तुम्ही वडिलांसमोर उच्चारलेत, तर एखाद्या कामगार बापाची दहा वर्षांची कमाई वाचेल आणि त्याच्या घरातली एक मुलगी शाळेत टिकेल.

ही वाट नवी नाही. मदिनेतून, देहूतून आणि पुण्यातून गेलेली जुनीच वाट आहे. तिच्यावर पाऊल टाकण्याची हिंमत अल्लाह आपणा सर्वांना देवो!