वैनगंगा ते नळगंगा : एका जलस्वप्नाचा ताळेबंद

बुलढाणा जिल्ह्याला निसर्गाने दोन समुद्रांचा पाणलोट दिला आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेने पूर्णेत, पुढे तापीत व अखेरीस अरबी समुद्रात जातो. दक्षिण उतारावरची पैनगंगा मात्र वर्धा नदीस मिळते, वर्धा-वैनगंगेच्या संगमातून प्राणहिता होते आणि ते पाणी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास पोहोचते. दोन समुद्रांस पाणी देणारा हा जिल्हा स्वतः मात्र वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत आला. उत्तरेकडील खारपाणपट्ट्यात तर विहिरीस पाणी लागूनही ते पिण्यास उपयोगी पडत नाही.

या विरोधाभासावरील मोठा उपाय म्हणजे वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर अंतर पार करून मोताळा तालुक्यातील नळगंगा धरणापर्यंत आणण्याची ही योजना आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तीस मान्यता दिली. अंदाजित खर्च सुमारे ८७,३४२ कोटी रुपये असून नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या सहा जिल्ह्यांतील ३ लाख ७१ हजार हेक्टर क्षेत्र ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात बुलढाण्याचा वाटा सुमारे ३८ हजार हेक्टर, म्हणजे जेमतेम एक दशांश.

आकडे आनंददायी आहेत. परंतु जमेबरोबर नावेची बाजूही वाचावयास हवी. ज्या गोसीखुर्दच्या भरवशावर हे स्वप्न उभे आहे, त्याचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते १९८८ साली झाले. प्रारंभी ३७२ कोटींचा असलेला तो प्रकल्प पुढे १८ हजार कोटींवर गेला. त्याच्या जलाशयासाठी भंडारा-नागपूरकडील अनेक गावांनी आपली घरे, शेते व देवळे सोडली. वऱ्हाडात येणाऱ्या प्रत्येक थेंबावर त्या गावांचे ऋण राहील. शिवाय बुलढाणा या कालव्याच्या अगदी शेवटी आहे आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचणे ही आपल्याकडील सिंचनाची जुनी परीक्षा आहे.

म्हणूनच दूरच्या पाण्याची वाट पाहताना घरचे पाणी राखणे अगत्याचे ठरते. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने याच जिल्ह्यात 'सुजलाम् सुफलाम्' मोहीम राबविली. तलावांतील गाळ यंत्रांनी उपसला गेला, तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत नेला. तलाव खोल झाले आणि हलक्या जमिनीस कस आला. महामार्गाच्या भरावासाठी तलावांतील माती-मुरूम वापरण्याची रीतही पुढे 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली गेली.

पाणी गाळून, मोजून वापरण्याचा संस्कार ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजला, त्यास हा हिशेब नवा नाही. वैनगंगा येईल तेव्हा येवो. ती येईल त्या दिवशी नळगंगेच्या काठचे तलाव गाळाने भरलेले नसावेत, एवढे मात्र आपल्याच हाती आहे.