बटणांच्या दोन फोनांचा इतिहास: नोकिया ११०० आणि जिओफोन

भारतातील मोबाइल फोनच्या प्रसाराचा इतिहास बहुधा परवाने, दर आणि ग्राहकसंख्या यांच्या अंगाने लिहिला जातो, आणि ज्या यंत्रामुळे हा प्रसार सामान्य माणसाच्या खिशापर्यंत पोहोचला त्या हँडसेटला त्यात तळटीपेइतकीच जागा मिळते. वास्तविक, बोलीत ज्याला ‘बटणांचा फोन’ म्हणतात त्या स्वस्त संचाची घडण बारकाईने पाहिली, तर त्या काळी दूरसंचार व्यवसायात कोणती गोष्ट महाग होती आणि कोणती विकायची होती याचा पुरावाच तीत सापडतो. या दृष्टीने ऑगस्ट २००३ मध्ये जाहीर झालेला नोकिया ११०० आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेला जिओफोन हे दोन संच शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही बेताच्या ऐपतीच्या गिऱ्हाइकासाठी काढलेले, दोन्हींवर आकड्यांची बटणे आणि दोन्हींना टॉर्च. साम्य जवळपास इथेच संपते.

नोकियाचा पडदा एकरंगी, ९६ बाय ६५ म्हणजे जेमतेम सव्वासहा हजार ठिपक्यांचा होता, जिओफोनचा २.४ इंची रंगीत पडदा २४० बाय ३२० म्हणजे पाऊण लाखाहून अधिक ठिपक्यांचा. पहिल्यात कॅमेरा, रेडिओ आणि इंटरनेट यांपैकी काहीच नव्हते आणि संचाच्या स्वतःच्या स्मृतीत ५० नावे मावत. दुसऱ्यात पुढे-मागे कॅमेरे, एफएम रेडिओ, ४ जीबी साठवण आणि वर मेमरी कार्डासाठी खाच. बॅटरीची क्षमता, म्हणजे एकदा चार्ज केल्यावर ती किती वीज पुरवू शकते याचे माप, पहिल्यात ८५० आणि दुसऱ्यात २००० मिलिअँपिअर-तास. अशा तक्त्यात चौदा वर्षांनंतरचे यंत्र सरस ठरावे यात नवल नाही, आणि तक्त्याने त्याहून अधिक काही कळतही नाही. एखादी सोय का दिली गेली आणि एखादी का वगळली गेली, हे त्या काळच्या व्यवहाराकडे वळल्याशिवाय उलगडत नाही.

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना केलेला फोन हा देशातील पहिला मोबाइल कॉल मानला जातो. त्यानंतर कित्येक वर्षे केलेल्या कॉलप्रमाणे आलेल्या कॉलचेही पैसे ग्राहकालाच भरावे लागत, त्यामुळे फोन वाजला तरी तो उचलावा की नाही हा हिशेबाचा प्रश्न असे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून त्याऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली, दर उतरू लागले आणि २००३ च्या पूर्वार्धात येणारे कॉल मोफत झाले. नोकिया ११०० बाजारात आला तो या बदलाच्या पाठोपाठ. केलेल्या कॉलला पैसे पडत होते, आलेला कॉल फुकट होता. साहजिकच नव्या गरीब ग्राहकाचा फोन बोलण्यापेक्षा वाट पाहण्यातच अधिक वेळ घालवणार होता. ४०० तासांपर्यंत स्टँडबाय, म्हणजे नुसता चालू राहून कॉलची वाट पाहण्याची मुदत, हे त्या संचाचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य ठरले ते यामुळे.

कॅलिफोर्नियातील नोकियाच्या आरेखन केंद्रात दिमित्रे मेहांजिस्की या बल्गेरियन वंशाच्या आरेखकाने घडवलेल्या या संचात विकसनशील देशांतील धूळ, घाम आणि अंधार यांचा विचार आधीपासून होता. बटणे एकेकटी न बसवता एकाच अखंड रबरी पत्र्यात ओतलेली होती, त्यामुळे फटीच उरत नसत आणि धूळ आत जायला वाव राहत नसे; घामेजलेल्या हातातून संच निसटू नये म्हणून त्याच्या कडा खरखरीत ठेवल्या होत्या; ‘सी’ हे खोडण्याचे बटण थोडा वेळ दाबून धरले की माथ्यावरचा छोटा दिवा लागे. महाराष्ट्रात या दिव्याला आणि त्या ४०० तासांना वेगळेच वजन आले. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात भारनियमन, म्हणजे विजेच्या टंचाईमुळे ठरवून केलेली कपात, दिवसातून कित्येक तास चाले आणि शेतीपंपांना वीज पुष्कळदा रात्रीच मिळे. मोटार सुरू करायला रात्री-अपरात्री विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने टॉर्च ही जाहिरातीतली गंमत नव्हती, आणि आठवडाभर चार्जर न मागणारा फोन ही चैनही नव्हती. हुशारीने काय वगळावे हे ज्याला कळले अशा आरेखनाचा हा नमुना आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

वाट पाहणाऱ्या फोनाभोवती एक सबंध शिष्टाचार उभा राहिला. कॉलची आकारणी समोरच्याने फोन उचलल्यापासून सुरू होते. उचलण्याआधी तोडलेल्या कॉलला, म्हणजे मिस कॉलला, काहीच पडत नाही, हे ग्राहकांनी कंपन्यांच्या आधी हेरले. मुंबई हे एक दूरसंचार परिमंडळ आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे, अशी विभागणी असल्यामुळे गावी निघालेला चाकरमानी वाटेत दुसऱ्या परिमंडळात शिरला की रोमिंगचे, म्हणजे आपल्या परिमंडळाबाहेरच्या वापराचे, जादा दर लागू होत. अशा वेळी ‘पोहोचलो की मिस कॉल देतो’ हे वाक्य पत्राइतके पुरेसे होते.

एसएमएसचा हिशेब याहूनही काटेकोर होता. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट इतकी जागा ठरलेली असते; रोमन अक्षराला सात बिट पुरतात म्हणून त्यात १६० रोमन अक्षरे बसतात, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात म्हणून ७० च चिन्हे बसतात. त्यातही काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूण ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे धरली जात असल्याने ‘महाराष्ट्र’ या शब्दाला दहा चिन्हे, म्हणजे २० बाइट खर्ची पडतात. हाच शब्द रोमन लिपीत अकरा अक्षरांचा असूनही दहा बाइटांत आटोपतो. मराठी तरुण पिढीने रोमन लिपीतून मराठी लिहिण्याची सवय लावून घेतली, तिला पुढे भाषाभिमानाच्या अभावाचा दोष पुष्कळ दिला गेला. परंतु त्या सवयीच्या मुळाशी हे साधे अंकगणित होते, ही बाब त्या वादात क्वचितच विचारात घेतली गेली.

नोकिया ११०० च्या २५ कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या आणि नोकियाचा शंभर कोटीवा फोन, जो २००५ मध्ये नायजेरियात विकला गेला, तोही याच प्रकारचा होता. त्याच्या बीएल-५सी या बॅटरीने तर संचाहूनही दीर्घ आयुष्य मिळवले. २००७ मध्ये याच नमुन्याच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात असा इशारा कंपनीने दिला तेव्हा भारतात मोठी घबराट पसरली; तरीही पुढे स्वस्त रेडिओ आणि छोट्या स्पीकरांमध्ये याच मापाची बॅटरी सर्रास बसवली जाऊ लागली. मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या बाजारांत जुन्या फोनची ‘बॉडी’ बदलून देण्याचा धंदा चाले, तो संच सहज उघडता येत असल्याच्या जोरावर. याचे अधिक खोल कारण जीएसएम या तंत्रपद्धतीत होते. ग्राहकाची ओळख सिम नावाच्या सुट्या कार्डात आणि यंत्र वेगळे, असे तिचे तत्त्व असल्यामुळे फोन घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीचा होई. तो विकता येई, मुलाला देता येई, कंपनी आवडली नाही तर तोच फोन ठेवून दुसरे सिम घालता येई.

जिओफोनचे मूळ या परंपरेत शोधणे चुकीचे ठरेल. त्याचा खरा पूर्वज नोकिया ११०० चा समकालीन, पण प्रतिस्पर्धी घराण्यातला होता. धीरूभाई अंबानी यांच्या जयंतीदिनी, २८ डिसेंबर २००२ रोजी, सुरू झालेल्या रिलायन्स इन्फोकॉमच्या सेवेने सीडीएमए ही दुसरी तंत्रपद्धत स्वीकारली होती. तिच्या संचांत सुटे सिम नव्हते. ग्राहकाचा क्रमांक यंत्रातच नोंदलेला असे, त्यामुळे कंपनी सोडायची तर फोनही सोडावा लागे. २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ या नावाखाली केवळ ५०१ रुपये भरून संच आणि उरलेली रक्कम मासिक बिलातून, अशी योजना आली आणि यंत्र विकण्याऐवजी यंत्राच्या निमित्ताने ग्राहक बांधून घेण्याची रीत रूढ झाली. २००५ मधील कौटुंबिक वाटणीत हा व्यवसाय अनिल अंबानी यांच्याकडे गेला; मुकेश अंबानी यांच्या जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली, तेव्हा रीत तीच, तंत्र मात्र नवे होते.

या नव्या तंत्रात एक अडचण होती आणि तीच जिओफोनच्या जन्माचे कारण ठरली. जिओचे जाळे केवळ फोर-जीचे होते. या पद्धतीत कॉलसाठी वेगळी वाट राखून ठेवलेली नसते. आवाजाचेही तुकडे करून ते इंटरनेटच्या माहितीप्रमाणेच पाठवले जातात, आणि या व्यवस्थेला व्होल्टी म्हणतात. इतर कंपन्यांच्या ग्राहकाचा फोन गरज पडताच टू-जी किंवा थ्री-जीवर उतरून बोलू शके. जिओला तशी खालची पायरीच नव्हती. बटणांचा फोन वापरणाऱ्या कोट्यवधींकडे व्होल्टी नव्हते, म्हणून कॉल कितीही फुकट केले तरी ते या जाळ्यात येऊ शकत नव्हते. यावरचा उपाय २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सच्या वार्षिक सभेत जाहीर झाला: १,५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी परत, आणि दरमहा १५३ रुपयांचा रिचार्ज. अनामत परत मिळवायची तर दर वर्षी किमान ठरावीक रकमेचा रिचार्ज करणे आणि शेवटी फोन परत देणे, या अटी होत्या. किमतीच्या जागी ‘शून्य’ हा शब्द मोठा होता, अटी बारीक होत्या. संचात एकच सिम आणि तेही जिओचेच चालत असे.

मोझिलाच्या सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसपासून निघालेली कायओएस ही प्रणाली यात होती, आणि फोनवरच्या बहुतेक सोयी म्हणजे दूरचित्रवाणी, चित्रपट आणि गाणी यांची कंपनीची स्वतःची दालने होती. कॉल आता माल राहिला नव्हता. माल होता डेटा, आणि पडद्याचा प्रत्येक ठिपका तो खपवण्याच्या कामी लावलेला होता. गंमत अशी की लोकांना जे सर्वाधिक हवे होते ते व्हॉट्सॅप सुरुवातीला या फोनवर चालतच नव्हते. ते सप्टेंबर २०१८ मध्ये आले. त्याआधी जुलैत जुना बटणांचा फोन आणि ५०१ रुपये देऊन जिओफोन घेण्याची योजना निघाली, आणि तिचे नाव पुन्हा ‘मान्सून हंगामा’च ठेवले गेले.

तरीही एका बाबतीत जिओफोन निःसंशय पुढे होता. २२ भारतीय भाषांची सोय त्यात असल्याचे सांगितले गेले, आणि बोलून शोध घेण्याची सोय असल्यामुळे अक्षरओळख कच्ची असलेल्या माणसालाही हवे ते गाणे किंवा कीर्तन काढता येऊ लागले. डेटाच्या युगात सत्तर चिन्हांची मर्यादा उरली नाही आणि देवनागरी महाग राहिली नाही.

मिस कॉल मात्र संपला नाही. तो गरिबाच्या हातून कंपन्यांच्या ताळेबंदात गेला. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला कॉल केला की पहिलीने दुसरीला आंतरजोडणी शुल्क देण्याची पद्धत होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ते मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आले. समोरच्याने उलट कॉल केल्यास या पैशांचा ओघ उलटा वळतो, म्हणून घंटी लवकर थांबवून मिस कॉल वाढवले जातात असा आरोप कंपन्या एकमेकींवर करू लागल्या, आणि अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजली पाहिजे असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ठरवून द्यावे लागले. त्याच सुमारास जिओने इतर कंपन्यांकडे जाणाऱ्या कॉलला मिनिटाला ६ पैसे आकारणे सुरू केले, त्यामुळे कॉल कायम मोफत राहण्याच्या आश्वासनालाही काही काळ मुरड पडली. १ जानेवारी २०२१ पासून हे शुल्क शून्य झाले आणि तंटा मिटला.

जुलै २०२३ मध्ये आलेल्या ९९९ रुपयांच्या जिओ भारत फोनमध्ये अनामतीची भानगड गेली आणि यूपीआयने पैसे देण्याची सोय आली, पण सिमचे कुलूप तसेच राहिले. दुसरीकडे, भारतातील इतर कंपन्यांनी टू-जी सेवा चालू ठेवल्यामुळे नोकिया ११०० मध्ये त्यांपैकी कोणाचेही सिम आजही घालता येते आणि त्यावरून बोलता येते.