वळिवड्याची छावणी



घर सोडून निघणं म्हणजे काय, हे कोयनानगरच्या माणसाला समजावून सांगायला नको. धरण झालं, शिवसागराखाली गावंच्या गावं गेली आणि माणसं सातारा-सांगलीत, सोलापुराकडं, पार ठाणे-रायगडापर्यंत विखुरली. पुढं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगरातली बहुतेक घरं पाडली, पावणेदोनशेच्या आसपास जीव गेले. अशा ठिकाणच्या स्मरणिकेत दुसऱ्या एका मुलखाच्या बेघर पोरांची हकीकत यावी असं आम्हांस वाटलं. ही पोरं आपल्याच भागात राहून गेली, पण फार थोड्यांना ते ठाऊक आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी व पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले. १९४० व ४१ साली रशियाने पूर्व पोलंडमधील कुटुंबं रातोरात उठवून, मालगाडीत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडं हाकलली. बाप पकडून नेलेला, आई लाकूडतोडीला, पोरं उपाशी. थंडी, भूक आणि साथी यांत किती मेली याचा नेमका हिशेब कुणाजवळ नाही. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या पोलिश कैद्यांना सोडण्यात आलं. सोडलं म्हणजे काय, दार उघडलं एवढंच. वाट ज्याची त्यानं शोधायची! पोरं रेल्वेनं, पायी, मिळेल तसं दक्षिणेकडं निघाली. कित्येकांचे आईबाप वाटेत गेले. काही आयांनी पोरं तरी जगावीत म्हणून ती अनाथालयात सोडली. १९४२ साली त्यांतली हजारो इराणात पोचली.

पण इराणात कायमचं राहता येत नव्हतं. तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभी केली. मुलं त्यांना 'बापू' म्हणत. वॉर्सात एका चौकाला 'भल्या महाराजांचा चौक' असं नाव आहे, ते यांचंच.

मोठी छावणी मात्र आपल्या शेजारी झाली. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वेनं जाताना वळिवडे स्टेशन लागतं. तिथं कोल्हापूर संस्थानच्या जमिनीवर १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक सगळ्या बाया आणि पोरं. कर्ते पुरुष लढाईवर, नाहीतर मातीत. गंमत अशी की त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर बसलेले छत्रपतीही अजाण बालकच होते. खर्च प्रामुख्याने लंडनमध्ये स्वतःच आसऱ्याला असलेल्या पोलिश सरकारचा होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. लांबच लांब चाळींच्या रांगा, दवाखाना, चर्च, नाटकाला रंगमंच आणि बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत शाळा. पंचगंगेवर पोहायला जाणारी गोरी पोरं पाहायची गावाला सवय झाली. अशक्त आणि छातीच्या दुखण्याचा धोका असलेल्या मुलांना हवापालटासाठी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला ठेवत.

आम्हांस यात शाळेची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्यांना उद्या कुठं जायचं हे माहीत नाही, अंगावरचे कपडेही मागून आणलेले, त्यांच्या बायांनी आल्याआल्या आधी वर्ग भरवले. आपल्या धरणग्रस्तांच्या पोरांच्या वाट्याला किती ठिकाणी हे आलं? जमीन कधी मिळणार, सातबारा कुणाच्या नावावर, यातच बापाची उमर गेली आणि मग लेकाचीही. आपल्याला कुणी निर्वासित म्हटलं नाही. 'प्रकल्पग्रस्त' असा सरकारी शब्द मिळाला. शब्द बदलला म्हणून बिऱ्हाड हलवायचं थोडंच चुकतं?

असो. १९४५ ला युद्ध संपलं, पण या पोरांचं घर काही परत आलं नाही. त्यांचा पूर्वेकडचा मुलूख रशियाच्या हद्दीत गेला होता. आपलं गाव पाण्याखाली, त्यांचं सरहद्दीखाली, एवढाच काय तो फरक. काही नव्या पोलंडला परतली. पुष्कळ जणांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा गाठलं. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. थोड्या मुली इथंच लग्न करून राहिल्या.

मोकळ्या चाळी फार दिवस मोकळ्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं, त्यांचीही पोरंबाळं, त्याच जागी उतरली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो, ते कापडाचं पेठेचं गाव या दुसऱ्या निर्वासितांनी उभं केलं.

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वळिवड्यात वाढलेली, तेव्हा नव्वदीकडं झुकलेली काही माणसं सप्टेंबर २०१९ मध्ये मुद्दाम कोल्हापूरला येऊन गेली. जी परतलीच नाहीत, त्यांच्या कबरीही कोल्हापुरातच आहेत.