तळ्याकडे वळणारे पाणी

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिॲटल शहर आहे. त्याच्या पश्चिमेला समुद्राची खाडी आणि पूर्वेला सुमारे ८८ चौरस किलोमीटरचे लेक वॉशिंग्टन हे सरोवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचे मैलापाणी या सरोवरात जाई. १९४१ पर्यंत सिॲटलने ते खाडीकडे वळवले. पण दुसऱ्या महायुद्धानंतर सरोवराच्या काठी उपनगरे वाढली. प्रत्येकाची नगरपालिका वेगळी, शुद्धीकरण केंद्रही वेगळे. या दहा-अकरा केंद्रांतले पाणी पुन्हा सरोवरातच येऊ लागले.

पाणी तर शुद्ध केलेले होते, मग बिघडले कोठे? त्या काळच्या शुद्धीकरणात कुजणारी घाण आणि रोगजंतू कमी होत, फॉस्फरस मात्र बराचसा तसाच राही. फॉस्फरस हे शेवाळाचे खत. १९५५ मध्ये तेथील विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या गटाला सरोवरात ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स हा सूक्ष्मजीव सापडला. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवर बिघडू लागले तेव्हा तेथेही १८९८ मध्ये हाच जीव दिसला होता. पुढे काय होणार, याचा अंदाज एडमंडसन यांनी त्यावरून बांधला आणि तो लोकांपुढे मांडला.

खरी अडचण प्रशासनाची होती. सरोवर एक, मालक अनेक. एका गावाने खर्च करावा आणि शेजाऱ्याने घाण सोडत राहावे, हे कोणाला पटणार? जेम्स एलिस या वकिलाच्या पुढाकाराने सर्व गावांची मिळून 'मेट्रो' ही संस्था स्थापण्याचा प्रस्ताव आला. मार्च १९५८ च्या मतदानात सिॲटलने होकार दिला, उपनगरांनी नकार. मग प्रस्ताव केवळ सांडपाण्यापुरता मर्यादित केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात मोठ्या नळांनी सांडपाणी सरोवरापासून दूर नेण्यात आले. १९६४ मध्ये पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी एक मीटर खोल जाण्याआधीच दिसेनाशी होई. १९६८ मध्ये ती सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागली.

येथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटेल. पण जवळच्या लेक सॅमॅमिश सरोवराने वेगळाच धडा दिला. तेथील सांडपाणीही १९६८ मध्ये वळवले, तरी येणारा फॉस्फरस सुमारे एक तृतीयांशच घटला आणि सुधारणा दिसायला काही वर्षे लागली. उरलेला बराचसा फॉस्फरस जमिनीवरून वाहून येणाऱ्या पाण्याबरोबर येत होता. जंगल तोडून घरे आणि रस्ते झाले, की पाऊस जमिनीत मुरत नाही. माती, खत आणि तेल घेऊन तो सरोवराकडे धावतो. या पाण्याला एकच तोंड नसते, त्यामुळे नळ वळवण्याचा उपाय येथे चालत नाही.

म्हणून स्थानिक संस्थांनी नव्या वसाहतींना पावसाचे पाणी थोपवणारी लहान तळी बांधण्याचे नियम केले. पाणी संथ झाले, की गाळ आणि त्याला चिकटलेला फॉस्फरस तळाशी बसतो. विरघळलेला फॉस्फरस मात्र बराचसा पुढे निघून जातो. गाळ वेळेवर काढला नाही, तर तळे उथळ होते; मोठ्या पावसात जुना गाळ ढवळून बाहेर पडतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला, की गाळातला फॉस्फरसही पाण्यात उतरतो. म्हणजे घाण अडवण्यासाठी बांधलेले तळेच घाण सोडू लागते.

मोठा नळ एकदा बांधला, की उद्घाटन होते, छायाचित्र निघते. गाळ काढण्याचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि त्याचे उद्घाटन कोणी करत नाही. नेमकी हीच तरतूद अंदाजपत्रकातून आधी गळते.

वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, थोडे वजन आणि खुणा केलेली दोरी एवढ्यावर आपल्या गावच्या तळ्याची पारदर्शकता मोजता येते. विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या सोबतीने दर महिन्याला, एकाच जागी, एकाच वेळी नोंद ठेवावी. पहिल्या पावसाच्या आधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवून पाहिली, की पाणी कोठून काय घेऊन येते, हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहील.