बाह्य अनुदान प्रस्ताव

विद्यापीठातील अध्यापक एखाद्या नियोजित संशोधनासाठी विद्यापीठाबाहेरील निधीसंस्थेकडे अर्थसाहाय्य मागताना जो सविस्तर लेखी आराखडा सादर करतो, त्यास बाह्य अनुदान प्रस्ताव म्हणतात. भारतात असे साहाय्य मुख्यत्वे केंद्र शासनाच्या यंत्रणांकडून मिळते. त्यांत १९७१ मध्ये स्थापन झालेला विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, १९८६ पासूनचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद या प्रमुख होत. २००८ च्या कायद्याने निर्माण झालेले विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ २०२३ च्या कायद्यान्वये ‘अनुसंधान’ राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन करण्यात आले.

प्रस्ताव लिहितो तो प्रमुख संशोधक, म्हणजे प्रकल्पाची शास्त्रीय जबाबदारी घेणारी व्यक्ती. परंतु अनुदान सामान्यतः संस्थेच्या नावे मंजूर होते आणि हिशेबास संस्थाच उत्तरदायी असते. म्हणूनच संस्थाप्रमुखाचे संमतिपत्र जोडावे लागते, ज्याद्वारे विद्यापीठ प्रयोगशाळा, वीज, ग्रंथालय आदी सुविधा देण्याची आणि प्रशासकीय जबाबदारी उचलण्याची हमी देते. मानवी सहभागींवरील किंवा प्राण्यांवरील संशोधनास संबंधित नैतिकता समितीची मान्यता लागते. या समित्यांच्या बैठका ठरावीक काळानेच होत असल्याने, अंतिम तारखेच्या तोंडावर सुरू केलेली तयारी, मूळ कल्पना कितीही कसदार असली तरी, अपुरी पडते.

प्रस्तावात संशोधनप्रश्न, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, कार्यपद्धती व कालनियोजन यांची मांडणी असते. अंदाजपत्रकाकडे मात्र अनेकदा केवळ लेखाविभागाचे काम म्हणून पाहिले जाते, आणि हे प्रस्तावाला सर्वांत बाधक ठरते. त्यात उपकरणांसारखा अनावर्ती खर्च आणि मनुष्यबळ, रसायने, प्रवास यांचा आवर्ती खर्च वेगळा दाखवून प्रत्येक रकमेचे समर्थन द्यावयाचे असते. ज्या उपकरणाचा कार्यपद्धतीत उल्लेखच नाही त्यासाठी रक्कम मागितली, अथवा तीन वर्षांच्या क्षेत्रकार्यासाठी एकाच सहायकाची तरतूद केली, तर कामाचा पुरेसा विचार झालेला नाही हे परीक्षकास तत्काळ जाणवते. संस्थेच्या सामायिक सुविधांपोटी काही योजनांत जी रक्कम मिळते, तिला उपरिव्यय म्हणतात.

सादरीकरण आता बहुधा निधीसंस्थेच्या संकेतस्थळावरून होते. छाननीनंतर प्रस्ताव विषयतज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी जातो व तज्ज्ञ समिती शिफारस करते. काही योजनांत अर्जदारास समितीपुढे सादरीकरणही करावे लागते. नामंजूर प्रस्तावावरील परीक्षकांचे अभिप्राय उपलब्ध झाल्यास ते पुढील मसुद्यासाठी मोलाचे असतात, आणि ते संशोधकाकडून विभागाच्या अभिलेखात आले तर नव्या अध्यापकांनाही त्यांचा लाभ होतो.

मंजुरीनंतर शासकीय अनुदानाचा विनियोग २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार होतो. मंजूर कारणासाठीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र विहित नमुन्यात सादर करावे लागते; ते रखडल्यास पुढील हप्ता अडतो आणि प्रकल्पावर नेमलेल्या संशोधन-सहायकांचे विद्यावेतन थकते.